हलका माणूस

मराठी भाषा ही मुळातच जाड माणसांच्या बाजूची आहे, असे माझे जुने मत आहे. ज्याच्या शब्दाला किंमत असते तो 'वजनदार' माणूस. भाषण चांगले वठले तर ते 'भारदस्त'. सरकारी कचेरीत कागद हलत नसेल तर अनुभवी मंडळी कानात सांगतात, ''अहो, जरा वजन ठेवा.'' उलट जो चहाडखोर, उसने नेऊन परत न करणारा, पंगतीत जिलबी संपली की श्रीखंडाकडे सरकणारा, तो 'हलका माणूस'. कोणाचेही ऐकून भांडायला उठणारा तो 'हलक्या कानाचा'. या हिशेबाने दीड वर्षापूर्वीपर्यंत मी पनवेल तालुक्यातल्या अग्रगण्य नागरिकांत मोडत होतो. माझे वजन एकशे अडतीस किलो होते. आज ते ब्याण्णव आहे. म्हणजे मी छेचाळीस किलोंनी हलका झालो आहे, आणि या हलकेपणात माझे स्वतःचे कर्तृत्व किती आणि उसने किती, हा या लेखाचा विषय आहे. बँकेतला माणूस म्हटल्यावर जमा-नावे जुळेपर्यंत झोप येत नाही, ही आमची खोड वाचकांनी पोटात घालावी. मला आता ती सोय राहिलेली नाही. लोकांचे अपराध पोटात घालायचे म्हटले तर माझ्याकडे मूळच्या पोटाचा पाव हिस्साच शिल्लक आहे.

मी राहतो ते गाव म्हणजे पनवेलजवळचे कोन. गावाचे नाव कोन आणि रहिवाशाचा आकार वर्तुळ, यावर आमच्या शाखेत पुष्कळ वर्षे विनोद चालू होता. बदलून आलेला प्रत्येक नवा मॅनेजर हा विनोद आपल्यालाच सुचला अशा समजुतीने पहिल्या आठवड्यात करी आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसे. जाड माणसाला हसण्याचे हे काम नोकरीच्या अटींत नसले तरी करावेच लागते. 'जाडी माणसे मोठी दिलदार आणि आनंदी असतात' हा समज त्यातूनच पसरला असावा. दिलदारीचे माहीत नाही, पण रागावून ताडकन उठून जायला ताडकन उठता यावे लागते.

तर, माझ्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. ही शस्त्रक्रिया म्हणजे पोटावरची चरबी खरवडून काढणे, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. तसे काही नाही. चरबीला डॉक्टर हातही लावत नाहीत. माझ्या जातीच्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवतात. या सगळ्या शास्त्राचे मूळ अमेरिकेत आहे. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन नावाच्या शल्यविशारदांनी पाहिले की, अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढला आहे त्यांचे वजन काही केल्या वाढत नाही. त्यावरून त्यांनी १९६६ साली जठराला वळसा घालणारी पहिली शस्त्रक्रिया केली. एकाची व्याधी ती दुसऱ्याचा उपाय, असा हा प्रकार आहे. बँकेतही एकाचे येणे ते दुसऱ्याचे देणे असते, त्यामुळे मला हे तत्त्व चटकन समजले.

शस्त्रक्रियेचा खर्च विम्यात बसवायला पात्रता लागते. विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या भाषेप्रमाणे देहभार निर्देशांक किमान चाळीस हवा. गंभीर जोडआजार असल्यास पस्तीस चालतो. निर्देशांक म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. मी भागाकार केला तर उत्तर आले एकोणपन्नास. बी.कॉम.ला मला अकाउंटन्सीत एकोणपन्नास मिळाले होते आणि घरात सुतक पाळले गेले होते. इथे मात्र त्याच एकोणपन्नास गुणांवर मी विशेष प्राविण्यासह उत्तीर्ण झालो.

आता मला काय काय येऊ लागले ते सांगतो. हे वाचून तुम्हाला हसू येईल, कारण यातले सगळे तुम्हाला आधीपासूनच येते.

पहिली गोष्ट, मला माझे पाय दिसू लागले. माझ्या पायांना दहा बोटे आहेत ही गोष्ट मी इतकी वर्षे मागील पानावरून पुढे ओढलेल्या शिलकेसारखी धरून चाललो होतो. प्रत्यक्ष पडताळणी झाली नव्हती. एके दिवशी आंघोळीला उभा राहिलो आणि खाली पाहिले, तर पलीकडे दहाही बोटे हजर. मग बुटाच्या नाड्या बांधता येऊ लागल्या. पायाची नखे कापता येऊ लागली. ते खाते इतकी वर्षे सौभाग्यवतींकडे होते, आणि त्याचा हवाला त्या देशस्थी थाटात वर्षातून चार वेळा भांडणात देत असत. आता त्यांच्या हातातले एक हुकमी शस्त्र गेले आहे.

दुसरी गोष्ट, मांडी. मांडी घालून बसता येणे ही केवढी सत्ता आहे याची मांडी घालणाऱ्यांना कल्पना नसते. गेली दहा वर्षे आमच्या घरच्या सत्यनारायणाला यजमान खुर्चीवर आणि देव पाटावर, असा उलटा मामला होता. गुरुजी पळीभर पाणी माझ्या हातावर घालायला दर वेळी अर्धे उठत आणि 'केशवाय नमः'च्या आधी 'अरे राम' म्हणत. या श्रावणात मी पाटावर बसलो. गुरुजींनी आधी माझ्याकडे पाहिले, मग सत्यनारायणाकडे पाहिले, आणि दक्षिणा न वाढवता पोथी उघडली.

तिसरी गोष्ट, पळस्पे फाट्याची शेअर रिक्षा. मागे तिघे बसतात. मी असताना दोघे बसत. रिक्षावाला मला लांबून पाहिले की गाडीचे काहीतरी बिघडल्यासारखे इंजिनाकडे वाकून बघू लागे. त्याचाही संसार आहे, मी त्याला दोष दिला नाही. मी निमूटपणे दोन माणसांचे भाडे देई. आता मी तिसरा म्हणून बसतो, आणि शेजारचा माणूस ''जरा सरका हो,'' म्हणतो तेव्हा मला सरकता येते. हे 'सरकणे' मला नवीन आहे. पहिल्यांदा तसे कोणी म्हणाले तेव्हा मी आनंदाने इतका सरकलो की पलीकडच्या माणसाचे अर्धे अंग बाहेर गेले.

चौथी गोष्ट, जिना. शास्त्रज्ञांनी गुडघ्यावरच्या भाराचे मोजमाप करून ठेवले आहे. अंगावरचा एक किलो उतरला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. हे वाचल्याबरोबर मी कॅल्क्युलेटर घेतला. छेचाळीस गुणिले चार, एकशे चौऱ्यांशी. दर पावलाला एकशे चौऱ्यांशी किलोची सूट! एवढी सूट आमची बँक कोणालाही देत नाही. पनवेल स्टेशनचा पूल चढताना पूर्वी मी मध्येच थांबून गाड्यांचे वेळापत्रक वाचल्याचे सोंग करी. त्यामुळे मला त्या स्थानकातल्या सगळ्या गाड्या पाठ आहेत. आता थांबत नाही. ज्ञानात भर पडणे मात्र बंद झाले आहे.

पाचवी गोष्ट मला स्वतःला कळली नाही, घरच्यांनी सांगितली. मी घोरायचा थांबलो. झोपेत श्वास अडकण्याची जी व्याधी जाड माणसांना असते ती बरीच सुटली. पण वीस वर्षे त्या आवाजात झोपायची सवय झालेली बायको आता शांततेने जागी होते आणि माझ्या नाकापुढे हात धरून बघते. ''काय गं?'' म्हटले तर ''काही नाही, झोपा,'' म्हणते. यावर विनोद करावासा मला वाटत नाही.

इतके सगळे झाल्यावर माणसाने सुखाने राहावे. पण आमच्या शाखेत हेडकॅशियर आहेत. ते सडसडीत, पहाटे फिरायला जाणारे, चहात साखर न घेणारे आणि न घेतल्याचे सांगणारे. ते मला म्हणाले, ''बरं झालं हो, पण खरं सांगू का? हा शॉर्टकट झाला. मजा आहे ती कमावण्यात. तुम्ही वजन उतरवलं नाहीत, ते उतरवून घेतलंत.''

हा 'घेतलंत' मला फार लागला. कारण त्यात तथ्य असण्याची शक्यता होती. तपश्चर्या न करता मिळालेला वर हा वर की उचल? माझ्या मांडीचे श्रेय माझे की डॉक्टरांच्या स्टेपलरचे? पुराणात भीमाला वृकोदर म्हटले आहे, म्हणजे लांडग्याच्या पोटाचा. पण एकचक्रा नगरीत बकासुराचे गाडाभर अन्न खाऊनही तो त्याला मारतो, आणि कोणी म्हणत नाही की हे बळ उसने. इकडे आमच्या पनवेलजवळच्या शिरढोणला जन्मलेले वासुदेव बळवंत फडके १८८३ साली एडनच्या तुरुंगाचे दार बिजागऱ्यांतून उखडून पळाले, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. ते बळ कमावलेले. त्या मातीतला मी, आणि माझा पराक्रम काय, तर भूल घेऊन तीन तास उताणे पडणे.

हेडकॅशियरांचा मुद्दा मी आधी भूगोलाने सोडवायचा प्रयत्न केला. कोनमधून जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो आणि २००२ साली पुरा झालेला द्रुतगती मार्गही हाकेच्या अंतरावर आहे. जुन्या रस्त्याने जाणारा पुण्याला पोचतो, नव्या रस्त्याने जाणाराही पोचतो. नव्या रस्त्याने गेलेल्याला शनिवारवाड्यापाशी अडवून ''तुम्ही खरे आला नाहीत,'' असे अजून कोणी म्हटलेले नाही. फक्त टोल भरावा लागतो. तो मीही भरतो. मला जेवताना पाणी पिता येत नाही. अर्ध्या तासाने घोट घोट प्यावे लागते. प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावावा लागतो, त्यामुळे माझे जेवण संपेपर्यंत घरात भांडी घासून होतात. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर. मधल्या काही महिन्यांत केस इतके गळले की पोट गेले आणि टक्कल आले, असा शिल्लक-बदल खात्यावर दिसू लागला. गोड पटकन खाल्ले तर घाम फुटून छाती धडधडते. हा टोल नाही तर काय?

हेडकॅशियर म्हणाले, ''टोल पैशाचा असतो. मी मनोनिग्रहाबद्दल बोलतोय.''

मनोनिग्रहाच्या या बाजारात जाहीर उदाहरणेही आहेत. नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत त्यांच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्री म्हणून ते उज्जैनला रस्त्यांच्या कामांच्या समारंभाला गेले, तेव्हा तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना त्यांनी जाहीरपणे सांगितले की, वजन उतरवा. दर किलोमागे मतदारसंघाला एक हजार कोटी देतो. माझेही एकशे पस्तीस होते, आता त्र्याण्णव आहे, अशी साक्षही काढली. खासदारांनी मनावर घेतले, व्यायाम आणि पथ्य सुरू केले आणि जूनपर्यंत पंधरा किलो उतरवले. या दराने माझे छेचाळीस हजार कोटी होतात. पण मी पडलो सिंगल विंडो ऑपरेटर, माझ्या किलोला भाव नाही. सांगायचे ते वेगळेच आहे. रस्ता झाला तर त्यावरून जाणाऱ्या बैलाला, ट्रकला किंवा शाळेच्या पोराला, हा किलो पळून गेला की कापून गेला, याच्याशी काही देणेघेणे असेल का? हा प्रश्न मी त्या वेळी खिशात ठेवून दिला. पुढे तो कामी आला.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबई महापालिकेचे मतदान होते. शोभा डे यांनी एका अतिस्थूल पोलिसाचे छायाचित्र टाकून मुंबईतल्या 'भारी बंदोबस्ता'वर कोटी केली. देशभर लोक हसले. मुंबई पोलिसांनी कळवले की, हा गणवेश आमचा नाही. तो मध्य प्रदेशातल्या नीमचच्या एका निरीक्षकाचा होता, वजन एकशे ऐंशी किलो. ते म्हणाले, हे खाण्याने झालेले नाही. जुन्या शस्त्रक्रियेनंतर शरीरातले इन्सुलिन बिघडले. पुढच्याच महिन्यात त्यांच्यावर मुंबईत वजनाची शस्त्रक्रिया झाली. गंमत अशी की, जोवर ते जाड होते तोवर लोक म्हणत होते, आळशी आहे. बारीक होऊ लागले तर लोक म्हणणार, डॉक्टरने केले. म्हणजे जाडी त्यांच्या नावे आणि बारीकपणा डॉक्टरांच्या जमा! वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला असली नोंद केली तरी पेपर फेकून देतात.

इथे मला माझ्या प्रश्नाचे टोक सापडले. पण ते हाती आले एकादशीमुळे.

आषाढी एकादशीचा उपास आमच्या घरात कडक असतो. कडक म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि शिवाय केळी. यंदा मी दोन चमचे खिचडी खाल्ली आणि पुरे म्हटले. आई कौतुकाने बघत राहिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, ''बघा हो, केवढा संयम आलाय!'' मी मात्र चपापलो. कारण संयमाचा इथे संबंधच नव्हता. मला भूक नव्हती.

यामागचे शास्त्र असे. जठराच्या वरच्या भागातून भूक लावणारे एक संप्रेरक रक्तात सुटते. जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधले. त्याला घ्रेलिन म्हणतात. माझ्या जठराचा नेमका तोच भाग काढून टाकला आहे. पूर्वी बाराच्या ठोक्याला माझ्या आत जो वसुली अधिकारी येऊन दारावर लाथा मारायचा, त्याची बदली झाली आहे. त्याच्या जागी एक मवाळ कारकून आला आहे, तो दिवसातून एकदा ''साहेब, जमलं तर बघा,'' एवढेच म्हणतो. अशा माणसाने तिसरी पुरणपोळी नाकारली तर त्यात पुण्य कसले? भूक नसलेल्याच्या उपासाला चित्रगुप्त कोणत्या खाती टाकणार?

मी हा प्रश्न दोन दिवस घोळवला. आणि मग एकदम ताळा जुळला. माझी भूक पूर्वी मोठी होती तेव्हा मी ती आवरायला कमी धडपडलो का? डाएट केले, ताक पिऊन राहिलो, कोनपासून पळस्प्यापर्यंत चालत गेलो, आणि तिथल्या वडापावच्या गाडीपाशी दोन वेळा जिंकलो, दहा वेळा हरलो. आज मी रोज जिंकतो. तर मग या दीड वर्षात माझा मनोनिग्रह वाढला का? छे! मन तेच आहे. शत्रू कमी झाला. म्हणजे आजचा माझा सात्त्विकपणा जर माझा नाही, तर कालचा माझा हावरटपणाही सगळा माझा नव्हता. हेडकॅशियर एकाच वेळी दोन्ही नोंदी माझ्याविरुद्ध करू शकत नाहीत. एक तर जाडी आणि बारीकपणा दोन्ही माझे धरा, नाही तर दोन्ही सोडा.

आणि पुढचा विचार आला तेव्हा मला हेडकॅशियरांची थोडी दया आली. समजा, त्यांना जन्मतःच तो मवाळ कारकून मिळाला असेल तर? त्यांच्या पोटात कधी कोणी लाथा मारल्याच नसतील तर? मग पंचावन्न वर्षे ते जे संयमाचे व्याज खाताहेत, ती मूळ ठेव त्यांनी भरलेली नाही; ती त्यांच्या खात्यावर आईवडिलांकडून वळती झालेली आहे. मी ती डॉक्टरांकडून घेतली, त्यांनी वारसाहक्काने घेतली. आणि माझ्या ठेवीची पावती तरी आहे.

हे मी त्यांना सांगितले. ते थोडा वेळ नोटा मोजत राहिले. मग म्हणाले, ''म्हणजे कष्टाला किंमतच नाही म्हणा की! सगळं ग्रंथींवर सोपवायचं आणि हात जोडून बसायचं!''

माणूस कॅश मोजता मोजता मुद्द्याचे बोलतो, हे मान्य करायला हवे. सगळेच जर नशीब, तर माझ्या वॉर्डातला, माझ्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेला एक गृहस्थ आज पुन्हा चढू का लागला आहे? कारण उरलेले जठरही हळूहळू सैल होते, आणि आइस्क्रीम, सरबत, फरसाण यांना चावावे लागत नाही. त्यांना केळ्याएवढी नळीही पुरते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की, दीड-दोन वर्षे शस्त्रक्रिया काम करील, पुढे तुम्ही करायचे. माझ्या भाषेत, मंजुरी त्यांची, हप्ते माझे. गृहकर्ज काढून घर बांधणाऱ्याला आपण म्हणतो का, की हे घर बँकेचे, तू यात फुकट राहतोस? वीस वर्षे हप्ते भरले की घर त्याचे. आमच्या कोनमध्ये गिरणी कामगारांसाठीची घरे आहेत. २०१६ च्या डिसेंबरात त्यांची सोडत निघाली. ज्याची चिठ्ठी निघाली त्याचे घर नशिबाचे म्हणावे, तर मागे आयुष्यभर मागावर उभे राहिलेले पाय आहेत. कष्टाचे म्हणावे, तर तितकेच उभे राहिलेल्या शेजाऱ्याची चिठ्ठी निघाली नाही. नशीब आणि कष्ट एकाच विटेत इतके मिसळलेले असतात की कोणाही ऑडिटरने वेगळे करून दाखवावेत. मला वाटते, माणसाला श्रेय द्यायचे ते शिल्लक किती यावर देऊ नये. हातात आले त्यावर त्याने पुढे हप्ता भरला का, एवढेच बघावे.

इथे लेख संपवायला हरकत नव्हती. पण एक वाक्य मला सलते आहे. बारीक झाल्यापासून ते मला निदान पन्नास जणांनी प्रेमाने ऐकवले. ''चला, माणसांत आलात!''

म्हणजे आधी कुठे होतो? मला आता साहेब मीटिंगमध्ये मत विचारतात. काउंटरवरचे ग्राहक 'अहो' म्हणतात, पूर्वी 'ओ' म्हणत. दुकानदार शर्ट दाखवतो, पूर्वी दुकानात शिरताच लांबूनच मान हलवायचा. माझी बुद्धी तीच आहे, विनोद तेच आहेत, बॅलन्स तेवढाच चुकतो. मला नव्याने ज्या शक्ती आल्या त्यांतली ही सगळ्यांत विचित्र: मला दिसता येऊ लागले. एकशे अडतीस किलोचा माणूस सर्वांच्या डोळ्यांत भरतो आणि तरीही कोणाला दिसत नाही. तो जो आधीचा होता, त्याच्या वतीने मला कधीकधी राग येतो. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त वाकता येत नव्हते.

वडील गेले तेव्हा मी एकशे तीसच्या घरात होतो. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा मामा हळूच म्हणाले, ''तू राहू दे. धाप लागेल. मडकं घेऊन पुढे चाल.'' माझ्या जागी चुलतभावाने खांदा दिला. दहाव्याला मी घाटावर स्टुलावर बसलो होतो. कोणी काही बोलले नाही; सगळ्यांनी समजून घेतले. समजून घेतले जाणे ही किती जड गोष्ट आहे ते मला त्या दिवशी कळले. ती दर पावलाला चौपट होऊन बसते.

या गेल्या मे महिन्यात, रात्री दहाच्या सुमाराला, आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या आबांच्या छातीत दुखू लागले. वीज गेलेली, लिफ्ट बंद, रुग्णवाहिका खाली उभी. जिन्याच्या वळणात स्ट्रेचर फिरेना. मग ठरले की, आबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यायचे. तिघे होते: त्यांचा नातू, वॉचमन आणि दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर. मी दार उघडून बाहेर आलो तर नातू म्हणाला, ''काका, तुम्ही धरा ना!'' पोरगा कोनमध्ये नुकताच शिकायला आला होता. त्याने मला आधी पाहिलेलेच नव्हते. मी आपल्या जुन्या सवयीने मागे कोणी आहे का ते पाहिले. कोणी नव्हते. मग धरले. चार मजले, आठ वळणे. आबा सगळी वाट ''अरे सावकाश, अरे पोरांनो सावकाश,'' म्हणत होते. खाली पोचलो तेव्हा मास्तरांना धाप लागली होती आणि मला लागली नव्हती. आबा वाचले. आता गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पथ्याचे सल्ले देतात.

चौथ्या आणि तळमजल्याच्या मधल्या जिन्यात खुर्चीचा चौथा पाय कोणत्या मार्गाने सडपातळ झाला आहे, याची चौकशी आबांनी केली नाही. खिशात ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. शक्ती कोणाच्या कमाईची, हा प्रश्न ती नुसती अंगावर मिरवायची असेल तोवरच पडतो. खुर्ची उचलली की तो पडत नाही. तिथे एवढेच विचारतात की, तुम्ही धरता का.

हेडकॅशियरांना मी ही हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, ''हे मात्र चांगलं केलंत. आता एक रविवार काढा. कलावंतीण दुर्ग चढू या.'' आमच्या गावातून पूर्वेला प्रबळगड दिसतो, त्याच्या शेजारचाच तो सुळका. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या आणि बाजूला कठडा म्हणून नुसती हवा. मी त्यांना नम्रपणे सांगितले की, ते मला आता जमेल यात शंका नाही. पण जमते म्हणून करायलाच हवे असा नियम झाला तर मांडी घालून स्वस्थ बसण्याचे सुख माणसाने कधी घ्यायचे? हे उत्तर त्यांना संयमाचे वाटले, आणि त्यांनी माझे कौतुक केले. ते कौतुक मी ठेवून घेतले. यातला संयम माझा की मुळातल्या आळसाचा, हे मात्र त्यांनी विचारले नाही, आणि मीही आपणहून ते खाते उघडले नाही.